कुंकू लावलेली टर्की

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळं वेलांटी कुठली ऱ्हस्व आणि कुठली दीर्घ हे मला अजून कळत नाही. जसं लिहिता येतं तसं लिहिते आहे. आमच्या थोरल्या जाऊबाई, पार्वतीअक्का, रोज संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणतात, सिंगापूरचं काहीतरी सांग. चार बाया समोर असल्या की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून हे अक्कांसाठी लिहून ठेवते. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण त्यांची नात वाचून दाखवील. बाकी कुणी वाचलं तर चुकांची माफी असावी.

पुंगोल

विमानाचं काही सांगत नाही. त्यात सगळा वेळ मी डोळे मिटून बसले होते आणि थंडी वाजली म्हणून चॉकलेटी स्वेटर काढला नाही, एवढंच.

आमचा संदीप पुंगोलला राहतो. चौदाव्या मजल्यावर घर, भाड्याचं. हे गेल्यापासून त्यानं धोशाच लावला होता, आई ये, आई ये. शेवटी दोन हजार पंधरा सालच्या जुलैत गेले. त्या वर्षी त्यांच्या देशाला पन्नास वर्षं होत होती, त्यामुळं प्रत्येक इमारतीवर ओळीनं लाल-पांढरे झेंडे लटकत होते. खालून बघितलं की सगळ्या गावाचं धुणं एकाच दिवशी वाळत घातलंय असं वाटायचं.

घरात संदीप, सून नेहा, चार वर्षांची नात सई, मी आणि माझ्या विहीणबाई. नेहाच्या आई, मालतीबाई, पुण्याहून माझ्या आठ दिवस आधी आल्या होत्या. बँकेत नोकरी केलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, आणि बोलायला लागल्या की थांबणं ठाऊक नसलेल्या. मी मुलाची आई, म्हणून त्या मला जपायच्या. मी बसल्याशिवाय बसायच्या नाहीत, पहिला चहा मला द्यायच्या. इकडं मला त्यांच्यासमोर कपातला चहा बशीत ओतायचीसुद्धा लाज वाटायची. नेहा त्यांना "ए आई" म्हणायची आणि मला "अहो आई". त्या एका "अहो"नं मी घरात पाहुणी होते.

तिथल्या दोन गोष्टी मनात बसल्या. एक म्हणजे दारं. दुकानाची, मेट्रोगाडीची, लिफ्टची, सगळी दारं आपोआप उघडतात आणि आपोआप मिटतात. दुसरी गोष्ट पैसे देण्याची. दुकानात सुटे पैसे परत देताना पोरगी दोन्ही हातांनी देते, प्रसाद दिल्यासारखे. घेणाऱ्यानंही दोन्ही हातांनी घ्यायचे. पहिल्यांदा मी चुकून ओंजळच पुढं केली, तर ती हसली आणि माझ्या ओंजळीत नाणी ठेवली.

क्रांजी

शनिवारी संदीप म्हणाला, आईला शेत बघायचं असेल. सिंगापुरात शेत असेल यावर माझा विश्वास नव्हता. पण दोनदा गाडी बदलून आणि पुढं छोट्या बसनं क्रांजी नावाच्या भागात गेलो, तर खरंच मळे. पालेभाज्यांचे वाफे रांगेनं आखलेले, मधे तळं, तळ्याच्या काठानं केळी, आणि त्यापलीकडं कमरेएवढं गवत. माती लाल. मी चपला काढून जरा वेळ तशीच उभी राहिले.

मळा एका म्हाताऱ्या चिनी बाईंचा होता. तिथं वयानं मोठ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात, म्हणून आम्हीही आंटी म्हणायला लागलो. बांबूच्या काड्यांची टोपी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि चालणं आपल्या अक्कांसारखं, जरा डावीकडं कलून. भाजी विकून झाली की आलेल्या लोकांना पाखरं दाखवायच्या. बदकं होती, कोंबड्या होत्या आणि शेवटच्या जाळीत टर्की.

अक्का, टर्की हा पक्षी तुम्ही बघितला नसेल. अंग मोठ्या कोंबड्याच्या तिप्पट. डोकं उघडं, निळं आणि लाल, गळ्याला लाल मणी लोंबल्यासारखी कातडी, आणि चोचीवरून एक मांसाची वात खाली आलेली. शेपूट पसरली की गोल पंखा. ओरडतो तेव्हा विहिरीत घागर बुडताना होतो तसा गुडगुड आवाज होतो. हा नर वर्षाचाच होता. त्याची मादी कोपऱ्यातल्या खोक्यात अंड्यांवर बसली होती, ती काही उठली नाही.

विहीणबाईंना पंखा पसरलेल्या टर्कीबरोबर फोटो हवा होता. आंटींनी जाळीचं दार उघडून त्यांना आत घेतलं. फोटो झाला. विहीणबाई बाहेर आल्या, दार मागं लोटलं आणि बोलत बोलत पुढं गेल्या. महिनाभर आपोआप बंद होणाऱ्या दारांची सवय झालेली. त्या दाराला मात्र लोखंडी कडी होती, आणि ती हातानंच लावायची होती.

टर्की आमच्या शेजारूनच बाहेर गेला. घाई नव्हती त्याला. संदीप धावला तेव्हा मात्र तोही धावला. संदीप पालकाच्या वाफ्यात आडवा झाला आणि टर्की तळ्याला वळसा घालून गवतात गेला. नंतर एका झाडावर बसलेला दिसला. एवढं जड पाखरू उडतं हे तेव्हा कळलं.

आंटी ओरडल्या नाहीत. त्यांचं इंग्रजी विहीणबाईंना पुरतं कळेना आणि विहीणबाईंचं त्यांना. पण हातांच्या खुणांनी एवढं कळलं की गवतात अजगर आहे, मागं दोन बदकं त्यानंच नेली. शिवाय भटकी कुत्री येतात. हा टर्की त्यांनी अंड्यातून निघाल्यापासून वाढवलेला. रात्री झाडावर बसेल तोवर ठीक, पण खाली उतरून गवतात फिरत राहिला तर फार दिवस टिकणार नाही.

त्यांनी दोनशे डॉलर मागितले. संदीपनं पाकीट काढलं, तर विहीणबाईंनी त्याचा हात धरला. चूक माझी आणि पैसे जावयाचे, हे मला चालणार नाही, म्हणाल्या. पर्समधून पन्नासच्या चार नोटा काढल्या. आमच्या व्याह्यांसाठी घड्याळ घ्यायला ठेवलेले पैसे होते ते. आंटींनी दोन्ही हातांनी घेतले, पण बघत होत्या झाडाकडं.

"बर्ड कम बॅक, मनी कम बॅक," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री विहीणबाई जेवल्या नाहीत. बोलल्याही नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. पैशांचं नाव त्यांनी काढलं नाही. भांडी पुसताना मधेच म्हणाल्या, "विहीणबाई, त्या अजगराचं खरं असेल का हो?"

पुढच्या रविवारी आमचं दोघींचं परतीचं विमान होतं. मला वाटलं, ही बाई हे ओझं पुण्याला घेऊन जाणार.

मग मी बोलले. एरवी बोलले नसते. लहानपणी आमच्या रानात फासे लावणारे यायचे, त्यांच्याकडं पिंजऱ्यात पाळलेला तित्तर असायचा. पिंजरा शेतात ठेवून ते बांधाआड बसायचे. पाळलेला ओरडला की रानातला तित्तर भांडायला यायचा आणि फाशात सापडायचा. मग टर्की का येणार नाही? आंटींची मादी अंड्यांवरून उठवता येणार नाही हे खरं, पण नकली मादी करता येईल.

मला वाटलं हसतील. पण नेहा म्हणाली, अहो आई, अमेरिकेत रानटी टर्कीची शिकार अशीच करतात. तिनं मोबाईलवर दाखवलं. रबराच्या माद्या माळावर मांडून शिकारी झुडपात बसलेले. संदीपनं वाचून सांगितलं की मादी उघड्यावर ठेवायची, गवतात लपली तर काय उपयोग. ती बसलेली किंवा मान खाली घातलेली असावी, मान ताठ असली तर धोका आहे असं नराला वाटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नर येतो तो मादीच्या तोंडासमोर जाऊन पिसारा दाखवतो, म्हणून तिचं तोंड कुठं करायचं ते विचार करून ठरवायचं.

"म्हणजे दाखवण्याचा कार्यक्रम," विहीणबाई म्हणाल्या. दिवसभरात त्या पहिल्यांदा हसल्या, आणि उरलेली आमटी वाटीत वाढून घेतली.

सेरंगून रोड

रविवारी लिटिल इंडियात, सेरंगून रोडवर गेलो, तिथं आपल्याकडच्या लोकांची दुकानं आहेत. पुंगोलहून गाडी थेट जाते. तिथं गेल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं. गजरे, केळीची पानं, अगरबत्तीचा वास, आणि रस्ता ओलांडताना थोडी आपली गडबड. दुकानदार तमिळ, विहीणबाई हिंदीत भाव करायच्या, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि शेवटी आकडा बोटांवर ठरायचा. कापूस घेतला, जाड सुई घेतली, तपकिरी अस्तराचं कापड घेतलं. विहीणबाईंचं कुंकू संपलं होतं, ते घेतलं. मग केळीच्या पानावर डोसा खाल्ला. चटणी आपल्यासारखी तिखट नव्हती, पण मागितली तितक्यांदा वाढली.

घरी येऊन गोधडी शिवायला बसतो तशा दोघी खाली बसलो. माझा चॉकलेटी स्वेटर अंगासाठी कापला. आत कापूस आणि संदीपचे जुने बनियन भरले. कपड्यांच्या हँगरची तार वाकवून मान केली, तिच्यावर संदीपचा राखाडी मोजा चढवला. करवंटीच्या तुकड्याची चोच. विहीणबाईंचे टाके लांब लांब पडत होते. मी गुपचूप उसवून पुन्हा घालायचे, तर त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "बोलून दाखवा की हो. सासूबाईंनीसुद्धा माझे टाके असेच न बोलता उसवले, आयुष्यभर."

त्यानंतर मी बोलून दाखवलं. चहाही बशीत ओतला. त्यांनीही ओतला.

सकाळी निघताना त्यांनी ती टर्की दारात पाटावर ठेवली. नवी वस्तू पहिल्यांदा घराबाहेर जाते, म्हणाल्या. तिला हळद लावली, कुंकू लावलं. कोरडं कुंकू टिकत नव्हतं म्हणून तेलात कालवून चांगलं ठसठशीत लावलं, आणि माझ्या हातावर साखर ठेवली. मला यात काही वावगं दिसलं नाही. आपण नव्या विळ्याला लावतो, ट्रॅक्टरला लावतो.

पुन्हा क्रांजी

संदीप आणि नेहा कामावर, सई शाळेत. आम्ही दोघीच निघालो. पिशवीतून टर्कीची मान बाहेर आलेली. गाडीत सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, पण त्या दिवशी समोरच्या शाळेच्या पोरी आमच्याकडंच बघत होत्या. विहीणबाईंनी त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि सगळा डबा हसला. मी पदर तोंडाला लावला. मला काय सांगितलं ते विचारलं, तर म्हणाल्या, मुलगी दाखवायला चाललोय म्हटलं.

त्या नादात छोट्या बसचा थांबा गेला आणि उन्हातून मागं चालत यावं लागलं.

आंटींनी दाखवलं, नर तळ्यापलीकडं आहे. दोन रात्री निभावला होता. आम्ही मोकळ्या जागेत मादी ठेवली आणि केळीच्या आड बसलो. हलायचं नाही, बोलायचं नाही. न बोलणं मला जमतं. विहीणबाईंचं काय होणार याची मला काळजी होती, पण त्यांनी पदराचं टोक दातांत धरून ठेवलं. डासांनी फोडून काढलं.

बऱ्याच वेळानं गुडगुड ऐकू आली. मग तो गवतातून बाहेर आला. मादी दिसली तसा थांबला. शेपूट अर्धी पसरली. चार पावलं पुढं आला, मान वळवून नीट बघितलं, आणि एकदम पिसं अंगाला चिकटवून बारीक झाला. वळला तो पळतच सुटला. पुन्हा एकदा आला, पुन्हा तसाच पळाला.

"विहीणबाई," त्या कुजबुजल्या, "याला मुलगी पसंत नाही."

आंटी बघायला आल्या. मादीसमोर वाकल्या, आणि हसत सुटल्या. हसता हसता वाफ्याच्या कडेला बसल्या, टोपी घरंगळली तरी उचलेनात. मग कुंकवावर बोट ठेवलं, जाळीकडं दाखवलं, स्वतःच्या गळ्याखाली हात लोंबता केला. आणि म्हणाल्या, "दिस वन हजबंड. नॉट वाइफ."

टर्कीत लाल डोकं नराचं. मादीचं राखाडी. शिकारीसुद्धा म्हणे लाल रंग जपून वापरतात. आम्ही तिच्या कपाळावर तेलातलं कुंकू थापून तिचा गडी करून ठेवला होता. वर हा पोरगेलासा नर भित्रा. आंटींनी खुणांनी सांगितलं, पूर्वी मळ्यात एक थोरला नर होता, तो याला उठता बसता टोचायचा. लाल डोकं दिसलं की याचे पाय सुटतात. माझा तित्तर भांडायला यायचा, यांचा टर्की भांडणाला भ्यायचा.

आम्हीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आंटींनी ओलं फडकं विहीणबाईंच्या हातात दिलं. पुसा म्हणाल्या.

विहीणबाईंचा हात मादीच्या कपाळापाशी गेला आणि थांबला. ते कुंकू त्यांनी स्वतः लावलेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि चटकन नजर खाली घेतली. हसू गेलं. मला हे गेले ती सहा वर्षांपूर्वीची सकाळ आठवली आणि त्यांनाही तीच दिसली असावी, जरी तेव्हा आमची सोयरीक नव्हती.

मी फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि आंटींना परत दिलं.

"पुसायचं नाही," मी म्हणाले. "ही राहू दे अशीच. आपण दुसरी शिवू. बिनकुंकवाची. तिचं लग्न व्हायचंच आहे."

विहीणबाईंनी माझा दंड धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मग आंटींना इंग्रजीत समजावायला लागल्या. काय समजलं देव जाणे, पण आंटींनी मान हलवली आणि तांदळाची रिकामी पोती आणली.

भाजी बांधायच्या छपरीत आम्ही तिघी शिवायला बसलो. सुई मी पिशवीत आणलीच होती. आंटींनी आपल्या मादीची गळलेली पिसं गोळा करून दिली, ती पोत्यात खोवली. डोक्याला त्यांचा जुना राखाडी हातमोजा. मधे त्यांनी जेवायला वाढलं. पातळ पेज, त्यात रताळ्याची पानं, सोबत खारवलेला मुळा. विहीणबाईंनी आधी विचारून घेतलं की यात मासे नाहीत ना. आजाऱ्याला देतो तशी पेज, पण त्या उकाड्यात ती पोटाला बरी वाटली. मी दुसऱ्यांदा मागून घेतली. परक्या घरी मी कधी मागत नाही.

नवी मादी तयार झाली तोवर आभाळ काळं झालं आणि तिथं पडतो तसा पाऊस एकदम कोसळला. छपरावरच्या आवाजात बोलणं ऐकू येईना. आंटी मात्र खूश दिसल्या. पाऊस थांबला की पाखरू ओल्या गवतात राहत नाही, अंग वाळवायला उघड्यावर येतं, असं त्यांनी हात झटकून दाखवलं.

या वेळी मादी कुठं ठेवायची यावर बराच खल झाला. नर तोंडासमोर येतो, हे संदीपनं वाचलेलं मला आठवलं. मी जाळीच्या उघड्या दारात मादी ठेवली, तोंड आत, पाठ बाहेर. तिच्यासमोर जायचं तर त्याला जाळीत शिरावंच लागणार. आंटींनी बघितलं आणि मादी आणखी वीतभर आत सरकवली, दार मिटायला जागा हवी म्हणून. मानेला दोरा बांधून त्याचं टोक माझ्या हातात दिलं.

पाऊस थांबला. वाफ्यांतून वाफ निघत होती. विहीणबाई जाळीमागं दाराशी दबा धरून, मी आणि आंटी पिंपामागं.

तो आला. ओला, केविलवाणा, पंख झटकत. मादी दिसली तसा थांबला. मी दोरा हळूच ओढला, मादीनं मातीत काहीतरी टिपल्यासारखी मान हलवली. त्याची शेपूट उघडली, पुरी. पंखांची टोकं जमिनीला घासत तो एकेक पाऊल पुढं आला. तिच्या पाठीशी आला, थांबला. तिकडून तिचं तोंड दिसेना. आंटींनी माझं मनगट आवळलं होतं. मग तो तिला वळसा घालून समोर गेला, सगळा पिसारा घेऊन, आत.

विहीणबाईंनी दार ओढलं आणि कडी घातली.

खोक्यातल्या मादीनं एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा अंड्यांवर नीट बसली. तो आपला पोत्यापुढं नाचतच होता.

आंटी घरात गेल्या. येताना एका हातात आमची पहिली टर्की. तिचं कुंकू तसंच होतं. भाजीच्या तराजूशेजारी फळीवर त्यांनी तिला बसवलं, सगळ्यांना दिसेल अशी. मग खिशातून त्याच चार नोटा काढल्या. विहीणबाई नको म्हणाल्या, अर्धे तरी ठेवा, तुम्हाला त्रास झाला. आंटींनी ऐकलं नाही. सगळ्या नोटा दोन्ही हातांनी पुढं धरल्या.

विहीणबाईंनी एकच हात पुढं केला. दुसरा हात कडीवर होता आणि तो त्या काढायला तयार नव्हत्या. आंटी तशाच थांबल्या. मी पुढं झाले, कडी माझ्या मुठीत धरली आणि म्हणाले, "धरलीय मी. घ्या."

तेव्हा त्यांनी हात सोडला आणि दोनशेच्या दोनशे डॉलर दोन्ही हातांनी घेतले.